दोन रिमोटचा इन्स्पायर: चित्र गेलं की दोष कुठे शोधायचा

दोन माणसांनी उडवायच्या कॅमेरा ड्रोनमध्ये कामाची वाटणी सरळ असते. पायलट ड्रोन सांभाळतो आणि कॅमेरा ऑपरेटर गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा आणि फिरवणारा भाग. दोघांकडे स्वतंत्र रिमोट, दोघांसमोर स्वतंत्र स्क्रीन. तयार मिळणाऱ्या यंत्रांत या कामासाठी पहिलं नाव निघतं ते डीजेआय या ड्रोन कंपनीच्या इन्स्पायर मालिकेचं. इन्स्पायर १ नोव्हेंबर २०१४ मध्ये आला, इन्स्पायर २ नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि इन्स्पायर ३ एप्रिल २०२३ मध्ये. तिन्हींच्या कॅमेऱ्यांबद्दल, रंगांबद्दल, उडण्याच्या सफाईबद्दल भरपूर लिहून झालं आहे. या परीक्षणात तिन्हींना एकाच कसोटीवर घासलं आहे: शॉट चालू असताना चित्र गेलं, तर दोष कुठे आहे हे यंत्र किती लवकर आणि किती स्पष्ट सांगतं?

कसोटी एवढी अरुंद ठेवायला कारण आहे. एका रिमोटच्या ड्रोनमध्ये चित्र ड्रोनहून रिमोटवर येतं, रिमोटहून स्क्रीनवर जातं, आणि विषय संपतो. दुसरा रिमोट आला की चित्राची वाट बदलते, आणि कशी बदलते हे तिन्ही मॉडेलांत सारखं नाही. ही वाट डोक्यात पक्की नसली की चोर सोडून संन्याशाला फाशी होते. ऑपरेटरचा टॅब्लेट बदलला जातो, केबल बदलली जाते, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं जातं, आणि दोष मात्र पायलटच्या अँटेनात निवांत बसलेला असतो.

आधी दोन प्रश्न

कोणतंही मॉडेल असो, हात लावण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं मोठ्याने द्यायची. पहिला: चित्र कोणाच्या स्क्रीनवरचं गेलं? पायलटच्या, ऑपरेटरच्या, की दोघांच्या? दुसरा: चित्र गेलं तेव्हा आकडे जिवंत आहेत का? म्हणजे उंची, अंतर, बॅटरीची टक्केवारी, उपग्रहांची संख्या हे सगळं बदलतंय, की तेही गोठलंय?

दुसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि निम्मं निदान त्यातच आहे. स्क्रीन काळी पण आकडे चालू, याचा अर्थ रेडिओची वाट उघडी आहे. मग संशय कॅमेऱ्यावर, गिंबलच्या जोडणीवर, बँडविड्थच्या (रेडिओ वाटेच्या क्षमतेच्या) वाटणीवर किंवा टॅब्लेटमधल्या व्हिडिओ उलगडण्याच्या कामावर घ्यायचा. अँटेना फिरवत बसण्यात अर्थ नाही. आकडेही मेले असतील तर दोष रेडिओत आहे, नाहीतर रिमोट आणि टॅब्लेटमधल्या यूएसबी केबलमध्ये. या दोघांत फरक करायचा तर रिमोटवरचा दिवा बघायचा. दिवा जोडणी झाल्याची खूण देतोय आणि अ‍ॅप मात्र ‘जोडलेलं नाही’ म्हणतंय, तर गुन्हेगार केबल किंवा अ‍ॅप आहे.

चित्र एकदम काळं न होता आधी चौकोन-चौकोन पडत, अडखळत, मग गेलं असेल, तर तो रेडिओचाच आजार धरावा. सिग्नल क्षीण होताना आधी दर्जा घसरतो. क्षणात काळोख आणि तितक्याच क्षणात परत उजेड, असं होत असेल तर कुठेतरी धातूचा स्पर्श सुटतोय.

इन्स्पायर १: साखळीतला मधला दुवा

इन्स्पायर १ ची रचना मास्टर-स्लेव्ह प्रकारची आहे. ड्रोनशी बोलतो फक्त पायलटचा मास्टर रिमोट. चित्र लाइटब्रिज या डीजेआयच्या रेडिओ प्रणालीवरून, २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात, मास्टरकडे उतरतं. मास्टर ते ५.८ गिगाहर्ट्झवरून स्लेव्हकडे पाठवतो. एका मास्टरला सहा स्लेव्ह जोडता येतात, पण गिंबलचा ताबा पहिल्या जोडलेल्या स्लेव्हकडेच असतो; बाकीच्यांना चित्र बघता येतं, कॅमेऱ्याची सेटिंग बदलता येते, पण गिंबल हलवता येत नाही.

म्हणजे ऑपरेटरच्या स्क्रीनवर चित्र पोचायला दोन रेडिओ वाटा आणि एक केबल एवढं सगळं एकाच वेळी धड असावं लागतं. आणि इथेच नेमकी गफलत होते. ऑपरेटर आपल्या रिमोटचे अँटेना आकाशात ड्रोनकडे रोखून बसतो. त्याच्या रिमोटला ड्रोनशी काही देणंघेणं नाही! त्याने अँटेना मास्टरकडे वळवायला हवेत आणि मास्टर व त्याच्यामध्ये गाडी, लोखंडी स्टँड किंवा माणसांची भिंत येऊ द्यायची नाही. माणसाच्या अंगातलं पाणी या लहरी चांगल्याच शोषतं. पायलट फिरून पाठमोरा झाला एवढ्यानेही स्लेव्हचं चित्र अडखळू शकतं. दोघांनी तीन ते दहा मीटर अंतरावर, एकमेकांना दिसत उभं राहावं. अगदी खांद्याला खांदा लावूनही नको. शेजारच्या रिमोटचं जोरदार प्रक्षेपण आपल्या रिमोटच्या रिसीव्हरला बधिर करतं आणि लांबून येणारा क्षीण सिग्नल त्यात बुडतो.

दोष शोधण्याच्या बाबतीत मात्र इन्स्पायर १ चा रिमोट मनापासून आवडावा असा आहे, आणि त्याचं श्रेय त्या एका दिव्याला. मास्टरवर स्थिर लाल म्हणजे ड्रोनशी जोडणी नाही, स्थिर हिरवा म्हणजे आहे. स्लेव्हवर स्थिर जांभळा म्हणजे जोडणी नाही, स्थिर निळा म्हणजे आहे. लाल आणि दुसरा रंग आलटून-पालटून लुकलुकू लागले तर चित्राची खाली येणारी वाट तुटली आहे. हे पाच संकेत पाठ असतील तर टॅब्लेट न बघता साखळीचा कोणता दुवा सुटलाय ते कळतं. मास्टर हिरवा आणि स्लेव्ह जांभळा: मधली ५.८ ची वाट तुटली. मास्टर लाल: स्लेव्हकडे बघूच नका, आधी मास्टर दुरुस्त करा. मास्टर हिरवा, स्लेव्ह निळा, तरी ऑपरेटरची स्क्रीन काळी: केबल, अ‍ॅप, टॅब्लेट.

जोडणीचा क्रम पाळला तर शोध आणखी सोपा होतो. आधी मास्टर, मग ड्रोन. मास्टरच्या स्क्रीनवर चित्र येऊन अर्धा मिनिट टिकल्याशिवाय स्लेव्ह चालू करायचाच नाही. मग स्लेव्हच्या अ‍ॅपमध्ये रिमोटच्या सेटिंगमध्ये भूमिका ‘स्लेव्ह’ आहे का बघायचं, मास्टरचं नाव शोधायचं, मास्टरच्या अ‍ॅपमध्ये दिसणारा पासवर्ड टाकायचा. हे नाव आणि पासवर्ड कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून मास्टरच्या पाठीला लावून ठेवावं. एकाच जागी दोन इन्स्पायर उडत असतील तर दुसऱ्याच्याच मास्टरला जोडायचा प्रयत्न करत बसण्याचा प्रकार त्याने टळतो.

दुसरी अडचण नवा किंवा उसना रिमोट आणल्यावर येते. स्लेव्ह म्हणून ठेवलेला रिमोट ड्रोनशी थेट लिंक होत नाही. त्याला मास्टर बनवून, अ‍ॅपमधून लिंक सुरू करून, ड्रोनवरचं लिंकचं बटण दाबावं लागतं. मास्टर नादुरुस्त झाला म्हणून स्लेव्हनेच उडवायचं ठरलं, तर भूमिका बदलल्यानंतर ही पायरी राहून जाते आणि दिवा लालच राहतो. दोन्ही रिमोट आणि ड्रोन यांचं फर्मवेअर (आतलं मूळ सॉफ्टवेअर) एकाच टप्प्यावर असणंही गरजेचं. मास्टर नेहमी वापरात असल्याने अद्ययावत होत जातो, पेटीत पडलेला स्लेव्ह मागे राहतो. काम असेल त्याच्या आदल्या दिवशी तिन्हींचे आवृत्ती-क्रमांक शेजारी-शेजारी ठेवून बघा. कामाच्या सकाळी अपडेट करू नका.

या मॉडेलचा खरा कमकुवतपणा म्हणजे ५.८ गिगाहर्ट्झची मधली वाट गर्दीच्या पट्ट्यात आहे. शूटिंगच्या ठिकाणी दिग्दर्शकाच्या मॉनिटरकडे चित्र पाठवणारे वायरलेस व्हिडिओ संच बऱ्याचदा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच चालतात. कोणाच्या तरी फोनचा हॉटस्पॉटही ५ गिगाहर्ट्झवर असतो. मास्टरच्या स्क्रीनवर चित्र स्वच्छ आणि स्लेव्हवर तुटक, असं दिसलं की आधी अवतीभवतीचे हॉटस्पॉट बंद करा, वायरलेस व्हिडिओचा ट्रान्समीटर दोन्ही रिमोटपासून निदान दहा मीटर लांब न्या किंवा त्याचं चॅनेल बदला. ऑपरेटरच्या टॅब्लेटचं वाय-फाय आणि ब्लूटूथ उड्डाणात बंदच असावं.

शेवटचा अर्धा मीटर

इन्स्पायर १ आणि २ दोघांचा सामाईक दुखरा भाग म्हणजे रिमोट ते टॅब्लेट हा अर्धा मीटरचा प्रवास. रेडिओवर खापर फोडण्याआधी हा तपासावा, कारण तपासायला पाच मिनिटं पुरतात आणि ड्रोन उडवावा लागत नाही.

पंखे काढून ठेवा. ड्रोन जमिनीवर चालू करा. रिमोटच्या एचडीएमआय पोर्टला एखादा मॉनिटर जोडा. मॉनिटरवर चित्र आहे आणि टॅब्लेटवर नाही, तर रेडिओ, कॅमेरा, गिंबल सगळे एका झटक्यात निर्दोष सुटले. ही एक चाचणी दहा तर्कांना भारी आहे. छोटा एचडीएमआय मॉनिटर आणि चालणारी केबल पेटीत कायम असायला हवी. एक काळजी घ्या: अ‍ॅपमधलं एचडीएमआय आउटपुटचं स्वरूप मॉनिटरला झेपणारं हवं. शंका असेल तर ७२०पी निवडा, नाहीतर मॉनिटर काळा राहील आणि निदान उलटं निघेल.

मॉनिटर चालला, टॅब्लेट नाही, मग केबल. चित्र चालू असताना केबलचं टोक रिमोटच्या बाजूने हलकेच चारी दिशांना हलवा, मग टॅब्लेटच्या बाजूने. चित्र लुकलुकलं तर सापडलं. केबल फक्त चार्जिंगची नाही ना, हे आधीच बघितलेलं असावं; तशी केबल टॅब्लेट चार्ज करत राहते आणि अ‍ॅप ‘जोडलेलं नाही’ म्हणत राहतं. केबल तीस सेंटिमीटरच्या आसपासची, डेटा वाहणारी, टोकाला वळण घेताना ताणली न जाणारी असावी. लांब केबलचा वेटोळा रिमोटवर लोंबकळत ठेवला की पोर्टवर सतत ओढ बसते, आणि मग केबल बदलूनही उपयोग होत नाही कारण पोर्टच सैल झालेला असतो.

अँड्रॉइड टॅब्लेटवर एक वेगळीच गंमत असते. डीजेआय गो आणि डीजेआय गो ४ ही दोन्ही अ‍ॅप एकाच टॅब्लेटवर असली तर रिमोट लावल्यावर टॅब्लेट विचारतो, कोणतं उघडू? घाईत चुकीच्या अ‍ॅपवर ‘नेहमी’ दाबलं जातं. त्यानंतर यूएसबीची जोडणी त्या अ‍ॅपकडे जाते आणि योग्य अ‍ॅप उपाशी राहतं. इन्स्पायर १ ला गो लागतं, इन्स्पायर २ ला गो ४. सेटिंगमध्ये जाऊन चुकीच्या अ‍ॅपची पूर्वनिवड पुसून टाका, ते जबरदस्तीने बंद करा, केबल काढून पुन्हा लावा. सगळ्यात उत्तम म्हणजे एका टॅब्लेटवर एकच अ‍ॅप. आयपॅडवर याच जागी ‘विश्वास ठेवायचा का’ हा प्रश्न येतो. नकार दिला गेला असेल तर केबल काढून पुन्हा लावून होकार द्यावा.

आकडे चालू, एचडीएमआयवर चित्र चालू, अ‍ॅपमध्ये मात्र काळोख किंवा हिरवट पट्टे: अ‍ॅपमधला हार्डवेअर डीकोडचा (टॅब्लेटच्या चिपकडून चित्र उलगडून घेण्याचा) पर्याय उलटा करून बघा. काही टॅब्लेट चालू ठेवल्यावर नीट चालतात, काही बंद केल्यावर. टॅब्लेटची साठवण भरत आली असेल तरी अ‍ॅप अडखळतं, कारण ते उड्डाणाचं हलक्या दर्जाचं चित्र टॅब्लेटमध्ये साठवत असतं. ही साठवण बंद करता येते, आणि कामाच्या टॅब्लेटवर ती बंदच असावी. उन्हात टॅब्लेट तापला की तो आपणहून मंदावतो. चित्र उशिरा येऊ लागलं ही त्याची पहिली खूण, म्हणून सावलीची टोपी लावा. बॅटरीचाही हिशोब ठेवा. इन्स्पायर १ चा रिमोट अँड्रॉइडला दीड अँपिअर आणि आयओएसला एक अँपिअर देतो. पूर्ण उजेडावर चालणारा मोठा टॅब्लेट त्याहून जास्त खाऊ शकतो, तेव्हा सुरुवात शंभर टक्क्यांवरून करा.

इन्स्पायर २: नाकावरचा साक्षीदार

इन्स्पायर २ ने मास्टर-स्लेव्हचीच पद्धत पुढे नेली, पण दोन गोष्टींनी दोष शोधणं सोपं केलं. एक, ड्रोनशी बोलायला २.४ आणि ५.८ असे दोन्ही पट्टे मिळाले. दुसरी जास्त मोलाची: ड्रोनच्या नाकावर पायलटसाठी वेगळा एफपीव्ही कॅमेरा आला. पायलटला समोरचं दिसावं म्हणून तो दिलेला आहे, पण दोष शोधताना तो साक्षीदाराचं काम करतो. मुख्य कॅमेऱ्याचं चित्र गेलं आणि एफपीव्ही चालू आहे, तर रेडिओ निर्दोष. दोन्ही गेले, तर रेडिओ किंवा केबल. इन्स्पायर १ मध्ये हा साक्षीदार नाही, आणि त्याची उणीव फार जाणवते.

एफपीव्ही चालू आणि मुख्य काळा असेल तर बँडविड्थच्या वाटणीकडे बघा. दोन चित्रं एकाच वाटेने उतरतात, तेव्हा एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं तोंड आवळलं जातं. डीजेआयच्याच मॅट्रिस ६०० सारख्या लाइटब्रिज २ वाल्या ड्रोनवर तर अ‍ॅपमधली ही पट्टी एका टोकाला सरकवली की दुसरं चित्र पूर्ण बंदच होतं. तिथे काळ्या स्क्रीनचं कारण शोधताना ही पट्टी आणि एक्स्टर्नल पोर्टचा पर्याय या दोन जागा आधी तपासाव्यात.

वाटणी ठीक असेल तर उरतो गिंबलचा सांधा. इन्स्पायरचा कॅमेरा फिरवून काढता येतो ही मोठी सोय आहे आणि तीच दुखणं आणते. फिरवून बसवताना लाल ठिपके तंतोतंत समोरासमोर यायला हवेत. दोन-तीन अंश कमी फिरला तरी कॅमेरा बसल्यासारखा दिसतो, जमिनीवर चित्रही देतो, आणि हवेत कंप सुरू झाला की पिनांचा स्पर्श सुटतो. सांध्यातले बारीक सोनेरी संपर्क भिंगाखाली बघा. धूळ किंवा काळपट थर असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापसाच्या काडीने पुसा आणि पाच मिनिटं वाळू द्या. खरवडू नका. मुलामा गेला की गंज लागतो आणि मग सांधा बदलावाच लागतो.

रेडिओ: मोजून बघण्याची गोष्ट

केबल, अ‍ॅप, सांधा सगळं ठीक निघालं तर उरतो रेडिओ. इथे अंदाज चालत नाहीत, मोजावं लागतं.

अंतर दुप्पट केलं की सिग्नल सहा डेसिबलने, म्हणजे पाव ताकदीवर, पडतो, मोकळ्या आकाशातही. त्याच अंतरावर, तशाच अँटेनांनी, ५.८ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा पावणेआठ डेसिबलच्या आसपास कमी पोचतो. म्हणून लांबच्या शॉटला २.४ आणि वाय-फायने भरलेल्या जागी, जवळच्या शॉटला ५.८ हा ढोबळ नियम. लहरींना सरळ रेषेभोवती थोडी मोकळी जागाही लागते. २.४ वर एक किलोमीटरच्या वाटेत मध्यभागी ही जागा सुमारे साडेपाच मीटर त्रिज्येची असते. ड्रोन डोळ्यांना झाडाच्या शेंड्यावरून दिसतोय, पण शेंडा रेषेपासून दोनच मीटर खाली आहे, तर चित्र तुटू शकतं. पाच-सहा मीटर वर चढलं की परत येतं. ओली पानं कोरड्यापेक्षा जास्त खातात, हेही पाऊस थांबल्याथांबल्या उडवताना ध्यानात असू द्या.

अँटेनाचं टोक ड्रोनकडे रोखणं ही सर्वांत सामान्य चूक. टोकाच्या दिशेने प्रक्षेपण जवळजवळ शून्य असतं. चपट्या अँटेनाची रुंद बाजू ड्रोनला दिसली पाहिजे. ड्रोन डोक्यावर आला की अँटेना आडवे करा, लांब गेला की उभे.

चित्र खाली येतं, म्हणजे ते झेलणारा कान जमिनीवर आहे. त्यामुळे चित्राला मारणारा गोंगाटही बहुतेक वेळा जमिनीवर, त्या कानाच्या जवळ असतो. वाय-फायचा राउटर, जनरेटरच्या गाडीतला वायरलेस संच, मागे उभ्या माणसाच्या खिशातला हॉटस्पॉट. ड्रोन हलवण्याआधी पायलटने स्वतः दहा-पंधरा मीटर बाजूला होऊन बघावं. अ‍ॅपमधल्या चॅनेलच्या आलेखावर शांत चॅनेल दिसलं तर ते हाताने निवडा. जागा सतत बदलणार असेल तर स्वयंचलितवरच राहू द्या. इन्स्पायर १ वर प्रक्षेपणाचा वेग १० मेगाबिटवरून ४ वर आणला तर चित्र मऊ होतं पण लांबवर टिकतं. फ्रेम लावायला तेवढं पुरतं. मूळ चित्रण ड्रोनमधल्या कार्डावर होतं, त्याच्या दर्जाला या आकड्याने धक्का लागत नाही.

ड्रोनच्या अंगातला अँटेना किंवा त्याची वायर दुखावली असेल तर त्याची खूण वेगळी असते: चित्र अंतराने नव्हे, दिशेने जातं. त्याची चाचणी अशी. मोकळ्या जागी ड्रोन शंभर मीटर दूर, तीस मीटर उंच स्थिर ठेवा. पायलटने जागा आणि रिमोट हलवायचा नाही. ड्रोन ४५ अंशांनी वळवत आठ दिशांना दहा-दहा सेकंद थांबवा आणि दर वेळी सिग्नलच्या रेघा लिहून घ्या. मग लँडिंग गिअर वर आणि खाली अशा दोन्ही स्थितींत हेच करा. कार्बन फायबर लहरी अडवतो, म्हणून एखाद-दुसऱ्या दिशेला थोडी घट अपेक्षित आहे. पण एकाच दिशेला दर वेळी चित्र कोसळत असेल, किंवा गिअरच्या एकाच स्थितीत कोसळत असेल, तर हलत्या भागातून जाणारी अँटेनाची वायर किंवा तिचा इवलासा गोल कनेक्टर संशयित आहे. असे यू.एफएल कनेक्टर सुमारे तीस वेळा काढ-घाल करण्यापुरतेच बनवलेले असतात. ‘एकदा दाबून बघू’ म्हणत ते वारंवार उघडणं म्हणजे नवा दोष तयार करणं.

इन्स्पायर ३: वाट सरळ झाली, सवय मात्र बदलावी लागते

इन्स्पायर ३ ने मधला दुवाच काढून टाकला. ओ३ प्रो प्रणालीत दोन्ही आरसी प्लस रिमोट थेट ड्रोनशी बोलतात. स्क्रीन रिमोटमध्येच आहे, सात इंची, १२०० निट उजेडाची. त्यामुळे केबल, अ‍ॅपची ओढाताण, हार्डवेअर डीकोड, तापलेला टॅब्लेट, हे वर लिहिलेलं सगळं प्रकरण निकालात निघतं. या एका कारणासाठी, दोन माणसांनी रोज काम करायचं असेल तर इन्स्पायर ३ ला आमची पसंती निःसंशय आहे. ऑपरेटरची स्क्रीन काळी झाली तर पायलटचा काहीही संबंध नसतो, आणि पायलटची काळी झाली तरी ऑपरेटरला दिसत राहतं. दोन्ही एकदम गेले तर दोष ड्रोनच्या बाजूचा किंवा दोघांनाही झाकणाऱ्या अडथळ्याचा. इतकं स्वच्छ निदान आधीच्या दोघांत शक्य नव्हतं.

पण जुन्या सवयीचे लोक इथे हमखास अडकतात. इन्स्पायर १ आणि २ वर ऑपरेटरला ड्रोन दिसायची गरज नव्हती. तो तंबूत किंवा गाडीच्या मागच्या सीटवर बसला तरी मास्टर जवळ असला की भागायचं. इन्स्पायर ३ वर तोच ऑपरेटर त्याच गाडीत बसला तर पत्र्याच्या पेटीतून थेट ड्रोनशी बोलायचा प्रयत्न करतो, आणि चित्र तुटतं. त्याच्या अँटेनांना आता ड्रोनची सरळ दृष्टी हवी. ऑपरेटरला आडोशाला बसवायचंच असेल तर रिमोट बाहेर मोकळ्यावर राहील आणि एचडीएमआयने मॉनिटर आत नेता येईल, अशी मांडणी करा.

कागदावरचे आकडेही नीट वाचावेत. कंपनी एका रिमोटला १५ किलोमीटर आणि दोन रिमोटना १२ किलोमीटर सांगते, तेही अडथळा आणि गोंगाट नसलेल्या जागी, एफसीसीच्या, म्हणजे अमेरिकी रेडिओ नियमांच्या, मर्यादेत. दुसरा रिमोट जोडण्याची किंमत डेसिबलमध्ये जेमतेम दोन. ही घट कामात जाणवत नाही. जाणवते ती सीईच्या, म्हणजे युरोपीय नियमांच्या, मर्यादेची. २.४ वर प्रक्षेपणाच्या ताकदीला एफसीसीत ३३ डीबीएमपर्यंत परवानगी, सीईत २०. म्हणजे १३ डेसिबलचा फरक, अंतरात सुमारे साडेचार पट. ५.८ वर सीईत फक्त १४, म्हणजे १९ डेसिबल कमी. सीई मर्यादेत चालणाऱ्या ड्रोनवर ५.८ निवडून चित्र लवकर जात असेल तर यंत्रात दोष नाही, पट्टा बदला. ४के चित्र थेट बघण्याची सोयही पाच किलोमीटरपर्यंतच आहे आणि ती वाटेवर जास्त भार टाकते. तुटक वाटलं की आधी १०८० वर या.

हवेत असताना

चित्र गेलं की ऑपरेटरने एकच शब्द मोठ्याने म्हणायचा: ‘काळं’. पायलटने नजर स्क्रीनवरून काढून ड्रोनवर न्यायची, रिमोटवरच्या काड्या सोडून ड्रोन जागेवर थांबवायचा, अँटेना रुंद बाजूने त्याच्याकडे करायचे, पाच सेकंद थांबायचं. नाही आलं तर चार-पाच मीटर वर, मग थोडं आपल्याकडे. चित्र गेलं म्हणजे ताबा गेला असं नाही. काड्यांना ड्रोन प्रतिसाद देतोय का हे हलक्या हाताने तपासा. रिमोटचा सिग्नल काही सेकंद तुटून राहिला तर ड्रोन आपणहून घरी परतायला निघतो, म्हणून परतीची उंची वाटेतल्या सर्वांत उंच वस्तूपेक्षा वर ठेवलेली असावी. या गडबडीत मास्टर रिमोट बंद करून चालू करणं सर्वांत वाईट. कॅमेऱ्याचं चित्रण ड्रोनमध्ये चालूच असतं, तेव्हा ऑपरेटरने रेकॉर्डिंगच्या बटणाला हात लावू नये. न दिसता दाबलं तर चालू असलेलं बंद होतं.

जुना घ्यायचा असेल तर

इन्स्पायर १ किंवा २ वापरलेला घेताना दोन्ही रिमोट एकत्र, चालू अवस्थेत बघितल्याशिवाय व्यवहार करू नका. ‘दुसरा रिमोट पेटीत आहे, चालतो’ यावर विसंबू नये. मास्टर-स्लेव्ह जोडणी समोर करून घ्या, मग भूमिका अदलाबदल करून पुन्हा करा. दोन्ही रिमोटवर केबल हलवण्याची आणि एचडीएमआयची चाचणी. ड्रोनवर आठ दिशांची चाचणी, गिअर वर आणि खाली. कॅमेरा काढून सांध्यातल्या पिना भिंगाखाली. एवढ्याला एक बॅटरी आणि पाऊण तास लागतो. आणि त्या ड्रोनबरोबर, ज्याच्यावर अ‍ॅप आज चालतंय असा टॅब्लेटही मिळत असेल तर तो घ्या. त्याचं स्वयंचलित अपडेट बंद करा आणि दुसऱ्या कोणत्याही कामाला तो वापरू नका.